चौथ्या डिव्हिजनचा सेंटर-बॅक आणि मॅनेजरची खुर्ची

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा पुतण्या इंग्लंडमध्ये वाढला, वय २१, लीग टू या चौथ्या पातळीवरच्या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबात सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, म्हणून खेळतो. प्रीमियर लीग आपल्या नशिबात नाही हे त्याचं त्यालाच कळून चुकलंय, आणि खेळणं संपलं की मॅनेजर (तिथे संघाचा मुख्य प्रशिक्षक) व्हायचं असं तो म्हणतो. घरच्यांच्या शंका दोन. जो वरच्या पातळीवर कधी खेळलाच नाही, त्याला मॅनेजर म्हणून कोण उभं करणार? आणि इंग्लंडमधले इतके मॅनेजर जुने बचावपटूच कसे, यात काही तथ्य आहे की नुसता योगायोग?

मी स्वतः खेळाडू नव्हतो. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या क्लबांत मिळून एकोणीस वर्षं फिजिओ म्हणून काढली. तेवढ्या काळात नऊ मॅनेजर आले आणि गेले. त्यांतले बहुतेक बचावात खेळलेले. फिजिओची जागा मोठी विचित्र असते. खेळाडू टेबलावर आडवा पडला की जे बायकोला सांगत नाही ते त्याला सांगतो, आणि सामन्याच्या दिवशी तोच फिजिओ मॅनेजरच्या शेजारी बसलेला असतो. दोन्हीकडचं ऐकायचं आणि इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. त्या जागेवरून जे दिसलं ते लिहितो.

आधी जिना समजून घ्या. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४, म्हणजे ७२; पुढे नुसतं ‘लीग’ म्हणतो ती या ७२ क्लबांची. ‘खालच्या डिव्हिजन’ म्हणतात त्या मुख्यतः शेवटच्या दोन. नावांनी गोंधळू नका. जुनी चौथी डिव्हिजन १९९२ मध्ये तिसरी झाली आणि २००४ मध्ये लीग टू. चिखल तोच राहिला. मोसमात लीगचेच ४६ सामने, शनिवारी दुपारी तीनला आणि मंगळवारी रात्री, वर कपचे वेगळे. तळाचे क्लब त्याखालच्या नॅशनल लीगमध्ये, म्हणजे या ७२ च्या बाहेर, घसरतात, आणि त्या घसरणीची भीती हाच खालच्या डिव्हिजनचा खरा मालक आहे.

आता बचावपटूच का? टीव्हीवर बसणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: त्याला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून त्याला खेळ जास्त कळतो. मला हे कधीच पटलं नाही. दिसण्याचाच प्रश्न असता तर गोलरक्षकाला सगळ्यांत जास्त दिसतं, आणि गोलरक्षकांतून निघालेले मॅनेजर इंग्लंडमध्ये बोटांवर मोजावेत इतके. माझ्या मते फरक तोंडाचा आहे. सेंटर-बॅकचं निम्मं काम बोलण्याचं असतं. ऑफसाइडची रेषा, म्हणजे जिच्या पलीकडे समोरचा आधीच उभा असला तर त्याला दिलेला चेंडू बाद, ती चौघांनी मिळून धरायची. एकाचा पाय दोन फूट मागे राहिला की बाकी तिघांचं शहाणपण वाया. म्हणून तो नव्वद मिनिटं दुसऱ्यांना हलवत असतो. पुढे सरक, आत ये, त्याला सोड, माझा आहे. आपलं काम दुसऱ्याच्या पायांनी करून घ्यायचं, हा मॅनेजरकीचा पहिला धडा तो विशीतच गिरवतो. आघाडीचा खेळाडू एका चांगल्या चेंडूवर सामना जिंकून देतो आणि बाकीचं विसरून जातो. बचावपटूची एकच चूक लोकांच्या लक्षात राहते, आणि ती पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्याही डोक्यात फिरत राहते.

पण हे वरच्या बचावपटूलाही लागू आहे. खालच्याचं वेगळेपण पगारात आणि करारात आहे. तो पंधरा-वीस वर्षं टंचाईत जगलेला असतो, आणि खालच्या डिव्हिजनची मॅनेजरकी म्हणजे टंचाईचा संसार.

सुरुवातच तशी होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी सोळाव्या वर्षी शाळा सोडून आलेली मुलं सरकारी युवा प्रशिक्षण योजनेखाली क्लबात यायची. पहिल्या वर्षी आठवड्याला २९ पौंड ५० पेन्स, दुसऱ्या वर्षी ३५. सकाळी सराव, दुपारी मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, स्टँडमधला कचरा उचलायचा. अठराव्या वर्षी एका दुपारी कळायचं, करार मिळणार की घरी जायचं. शॉन डाइच नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये तयार झाला, पण तिथे पहिल्या संघातून एकही सामना न खेळता १९९० मध्ये चेस्टरफील्डला गेला. ख्रिस वाइल्डर साउथॅम्प्टनमध्ये शिकला, तिथेही तेच. १९८६ मध्ये शेफील्ड युनायटेडनं घेतला. पुढे गाजलेल्या दोन मॅनेजरांच्या कारकिर्दीची सुरुवात ‘तू नको’ या उत्तरानं झाली आहे.

त्यानंतर कराराचं चक्र. एक वर्ष, फार तर दोन. दर मे महिन्यात क्लब यादी काढतो, कोण राहणार आणि कोण सुटणार. ज्यांनी २००२ चा उन्हाळा पाहिलाय ते अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. फुटबॉल लीगनं आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीशी तीन वर्षांचा ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार केला होता. कंपनी बुडाली आणि १७ कोटी ८५ लाख यायचे राहिले. क्लबांनी ते पैसे आधीच पगारांत मोजून टाकले होते. एका उन्हाळ्यात शेकडो खेळाडू रिकामे झाले. तिशीच्या आसपासच्या बचावपटूंचा नंबर पहिला, कारण त्यांना विकून काही मिळत नाही. त्या वर्षी घर, हप्ते आणि दोन लहान मुलं घेऊन जो अर्ध्या पगारावर खेळायला तयार झाला, त्याला पुढे कुठला चेअरमन बजेटची भीती घालणार?

आता शरीराबद्दल, कारण माझा विषय तो. आमच्याकडे एक सेंटर-बॅक होता. चौतीस वर्षांचा, पाचशेच्या वर सामने झालेले. सोमवारी सगळ्यांच्या आधी यायचा, का तर जिना उतरताना कोणी बघू नये. उलटा उतरायचा, कठड्याला धरून, एकेक पायरी. उजव्या गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपली होती. दर काही आठवड्यांनी डॉक्टर गुडघ्यातलं पाणी काढत. बुधवारी पोहणं, गुरुवारी अर्धा सराव. शुक्रवारी मॅनेजर उपचार-खोलीच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघून भुवया उंचावायचा, आणि मी तोंड उघडायच्या आत टेबलावरून उत्तर यायचं, ‘मी ठीक आहे, गॅफर.’ गॅफर म्हणजे मॅनेजर. तिथे त्याला नावानं कोणी हाक मारत नाही.

हाच माणूस पुढे आमचा मॅनेजर झाला. मग एका शुक्रवारी दारात तो उभा होता, टेबलावर दुसराच कोणी मांडीचा स्नायू धरून, आणि उत्तर तेच: मी ठीक आहे, गॅफर. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘खोटं बोलतोय ना?’ मी मान हलवली. शनिवारी तो मुलगा राखीव बाकावरही नव्हता. स्नायू फाटण्याआधी थांबला, तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात परत आला. हे ज्ञान कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. स्वतः शेकडो वेळा ते खोटं बोललेला माणूसच ते ओळखतो.

दुखापतीनं बरेच बचावपटू लवकर मॅनेजरकीत ढकलले गेले, हेही ध्यानात घ्या. ग्रॅहम टेलर ग्रिम्सबी आणि लिंकन या क्लबांचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू. १९७२ मध्ये खुब्याच्या दुखापतीनं खेळणं संपलं आणि २८ व्या वर्षी तो लिंकनचा मॅनेजर झाला. १९७६ मध्ये लिंकननं चौथी डिव्हिजन ७४ गुण मिळवून जिंकली, तेही विजयाला दोनच गुण मिळायचे त्या काळात.

एडी हाउचं उदाहरण आणखी जवळचं. बोर्नमथचा सेंटर-बॅक, २००२ मध्ये पोर्ट्समथला गेला आणि तिथे गुडघा गेला; लीगचे जेमतेम दोन सामने वाट्याला आले. २००४ मध्ये बोर्नमथकडे त्याला परत घ्यायला पैसे नव्हते, तर पाठीराख्यांनी आपसांत वर्गणी काढून २१ हजार पौंड जमवले. २९ व्या वर्षी, २००७ मध्ये, गुडघ्यानं शेवटचं नाही म्हटलं. २००८ च्या शेवटच्या दिवशी क्लबनं त्याला तात्पुरता मॅनेजर केलं. दिवाळखोरीमुळे क्लबनं मोसमच उणे १७ गुणांवर सुरू केला होता. तात्पुरता असताना हाउनं दोन्ही सामने गमावले. तरी ३१ व्या वर्षी त्याला कायम केलं, आणि २५ एप्रिल २००९ ला ग्रिम्सबीला २-१ हरवून क्लब लीगमध्ये टिकला. विजयी गोल स्टीव्ह फ्लेचरचा. वय ३६, क्लबनं आधी सोडून दिलेला आणि हाउनं जानेवारीत परत आणलेला. सहा वर्षांनी तो क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. २०२५ च्या मार्चमध्ये हाउच्या न्यूकॅसलनं लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला, तेव्हा त्या क्लबाचा देशांतर्गत करंडकाचा १९५५ पासूनचा दुष्काळ संपला. ‘वर न खेळलेल्याला कोण विचारतं’ या शंकेला हे एवढं उत्तर पुरे.

मात्र तात्पुरती नेमणूक का होते याबद्दल भाबडं राहू नका. आमच्या सेंटर-बॅकला एका नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी चेअरमनचा फोन आला. संघ लागोपाठ हरला होता, आदल्या मॅनेजरला शनिवारी रात्रीच घरी पाठवलं होतं. याच्यात चेअरमनला कुठली दूरदृष्टी दिसली नव्हती. याचा पगार चालूच होता, एवढंच. फुकटात मिळणारा मॅनेजर.

मंगळवारी रात्री परगावी सामना होता. बसच्या अगदी मागे पत्त्यांचं टेबल असतं, तिथे त्याची दहा वर्षांची ठरलेली जागा. तो सवयीनं मागे गेला. वाटणाऱ्यानं पानं वाटली ती चौघांनाच. कोणी काही बोललं नाही, कोणी वरही पाहिलं नाही. तो सीटला धरून थोडा वेळ उभा राहिला, मग पुढे येऊन माझ्या शेजारी बसला आणि तासभर खिडकीबाहेर बघत होता. बाहेर मोटरवे आणि अंधार, बघण्यासारखं काही नव्हतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, ते त्याला त्या बसमध्ये कळलं असावं. पुढचे दीड महिने तो खेळाडूही होता आणि मॅनेजरही. माझ्या मते ही दुहेरी भूमिका कुणीच घेऊ नये. स्वतःला संघातून काढायचा निर्णय स्वतःच घ्यायचा असतो, आणि तो नेहमी दोन सामने उशिरा घेतला जातो.

आल्या आल्या त्यानं काय केलं? भाषण केलं नाही. मैदान राखणाऱ्याकडून जाड दोरी मागवली आणि बचावफळीतल्या चौघांच्या कमरेला ओळीनं बांधली, मध्ये सात-आठ पावलांचं अंतर. चेंडू डावीकडे गेला की चौघांनी डावीकडे सरकायचं, पुढे गेला की पुढे. एक जण झोपला की दोरी ताणली जाते आणि शेजारचा शिवी हासडतो. अर्धा तास मैदानावर नुसता चेंडू इकडून तिकडे, शॉट एकही नाही. ही युक्ती जुनी आहे, त्यानं शोधलेली नव्हे. दुसऱ्या दिवशी फक्त कॉर्नर: कोण जवळच्या खांबावर, कोण गोलरक्षकासमोर, चेंडू बाहेर फेकला गेला की कोण धावत पुढे जाणार. तोपर्यंत आम्ही जवळजवळ दर सामन्यात उभ्या चेंडूवर, म्हणजे कॉर्नर-फ्री किकवर, गोल खात होतो. जुन्या बचावपटूला ठाऊक असतं की गोल करणारा माणूस विकत आणावा लागतो. गोल न खाणं मात्र आहे त्याच माणसांकडून घासून घेता येतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

पैशाचं गणित किती आवळलेलं असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. बरीच वर्षं नियम असा होता की लीग टूच्या क्लबानं खेळाडूंच्या पगारावर उलाढालीच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. लीग वनला ६० टक्के. २०२० मध्ये तर लीग टूला सरसकट १५ लाख पौंडांची आणि लीग वनला २५ लाखांची कमाल मर्यादा घातली. खेळाडूंच्या संघटनेनं तक्रार केली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत लवादानं ती रद्द केली. मॅनेजरच्या हाती येतं ते याच्यातून उरलेलं. मग लोनवर, म्हणजे उसनी, मुलं मागायची, वरच्या क्लबच्या अकादमीप्रमुखाची मनधरणी करायची, सुटलेल्यांच्या याद्या चाळायच्या. यादीतल्या नावांपैकी निम्म्यांच्या विरुद्ध तो स्वतः खेळलेला असतो. कोणाचा डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता आहे, हे त्याला व्हिडिओ न पाहता माहीत असतं.

एक गैरसमज दूर करतो. बचावपटू मॅनेजर झाला की संघ घाबरट खेळतो, असं सर्रास म्हटलं जातं. डाइचच्या बर्नलीकडे बघून ते खरं वाटेल: २०१७-१८ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सातवा क्रमांक, ३८ सामन्यांत केलेले गोल ३६ आणि खाल्लेले ३९. बर्नलीसारख्या छोट्या गावाचा क्लब तेवढ्यावर युरोपातल्या स्पर्धेत गेला. पण टेलरनं वॉटफर्डला चौथ्या डिव्हिजनमधून वर आणून १९८३ मध्ये पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या, डिव्हिजनमध्ये दुसरा क्रमांक मिळवला, तेव्हा त्याच्या ल्यूथर ब्लिसेटनं २७ गोल करून सगळ्या देशाला मागे टाकलं होतं. वाइल्डरनं शेफील्ड युनायटेडमध्ये तर सेंटर-बॅकना बाजूच्या रेषेवरून पळवत समोरच्याच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. स्वतः राइट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, राहिलेल्या माणसालाच सुचावं असं ते होतं. मागून कोणी आलं की समोरच्या विंगरची (कडेनं धावणाऱ्या खेळाडूची) कशी पंचाईत होते, हे त्यानं स्वतः भोगलेलं. जाता जाता एक गंमत: २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये हाउ बर्नली सोडून बोर्नमथला परतला, तेव्हा बर्नलीच्या त्याच खुर्चीत डाइच बसला. खालच्या डिव्हिजनचे दोन सेंटर-बॅक, खेळाबद्दलची मतं दोन टोकांची, आणि दोघांनीही आपापले क्लब प्रीमियर लीगमध्ये नेले.

डाइचबद्दल अजून एक, नाहीतर तो नुसता आकड्यांचा माणूस वाटेल. १९९७ मध्ये तिसऱ्या पातळीवरचा चेस्टरफील्ड एफए कपच्या उपांत्य फेरीत मिडल्सब्रोशी ओल्ड ट्रॅफर्डवर खेळत होता. पेनल्टी मिळाली, आणि डाइचनं ती मारून २-० केलं. नंतर चेस्टरफील्डचा एक चेंडू क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला तो पंचांनी दिला नाही. सामना ३-३ सुटला, फेरसामन्यात ०-३ हार. प्रीमियर लीगच्या संघाला असं घामाघूम केलेला माणूस पुढे मॅनेजर म्हणून मोठ्या मैदानावर बावचळत नाही.

पुतण्याला एकाच माणसाची कारकीर्द अभ्यासायला सांगायचं असेल तर मी वाइल्डरची सांगेन, कारण ती पायरी-पायरीनं झाली. २००१ मध्ये अल्फ्रेटन टाउन, लीगच्याही कित्येक पायऱ्या खाली. २००२ मध्ये हॅलिफॅक्स, नुकताच लीगमधून घसरलेला. तिथे सहा वर्षं, आणि शेवटी २००८ मध्ये क्लबच आर्थिकदृष्ट्या बुडाला. मग ऑक्सफर्ड, २०१० मध्ये वेम्ब्लीवर यॉर्कला ३-१ हरवून लीगमध्ये परत. २०१४ मध्ये तळाला असलेलं नॉर्थम्प्टन. तिथे २०१५ च्या शरदात पगार थकले, करखात्यानं क्लब गुंडाळण्याचा अर्ज केला. एका विजयानंतर पत्रकारांसमोर खेळाचं बोलायचं सोडून त्यानं मालकाला जाहीरपणे विनवलं, क्लब विकून मोकळे व्हा. तोच मोसम ९९ गुण मिळवून जिंकला. पुढच्या वर्षी शेफील्ड युनायटेड: पहिल्या चार सामन्यांत एक गुण, मोसमाअखेर १००. २०१९ मध्ये प्रीमियर लीगला बढती आणि पहिल्याच वर्षी नववा क्रमांक. अल्फ्रेटनपासून तिथवर पोचायला अठरा वर्षं. त्यांतली बहुतेक वर्षं पेपरात त्याचं नाव शोधून सापडलं नसतं.

नशीबही लागतं. नायजेल पियर्सन श्रूजबरीच्या बचावात घडला, पुढे वरही खेळला. मॅनेजर म्हणून पहिली नोकरी कार्लाइलची. ८ मे १९९९, प्लिमथविरुद्ध शेवटचा सामना, १-१, वेळ संपून जादा मिनिटं चालू, लीगमधून घसरण समोर. कॉर्नरला गोलरक्षक जिमी ग्लास पुढे आला. तोही स्विंडनकडून घाईघाईनं लोनवर आणलेला. ९५ व्या मिनिटाला चेंडू त्याच्या पायाशी पडला आणि त्यानं तो जाळ्यात मारला. कार्लाइल वाचला, स्कारबरो खाली गेला. पुढे पियर्सननं लेस्टरला लीग वनमधून काढलं आणि २०१४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आणलं. तो चेंडू दोन फूट इकडेतिकडे पडला असता तर? अशा प्रश्नांना उत्तर नसतं, पण खालच्या डिव्हिजनचे सगळे मॅनेजर ते विचारत बसतात. मी रात्रीच्या बसमध्ये पुष्कळ ऐकलेत. पहिली नोकरी गमावल्यावर कित्येकांना दुसरी मिळतच नाही. आमच्या नऊपैकी एक जण आता व्हॅन चालवतो, आणि त्याच्यात काही कमी होतं असं मला कधी वाटलं नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग, ज्याबद्दल पुतण्याला कोणी सांगणार नाही. मे महिन्यातली यादी. एकेकाळी आमच्या सेंटर-बॅकला तीन क्लबांनी सोडलं होतं, एकानं तर टपालानं. मॅनेजर म्हणून पहिल्या मेमध्ये ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, आडनावाच्या क्रमानं मुलं बसायची, हीच तिथली रीत. त्यानं खुर्च्या उचलायला लावल्या. प्रत्येकाला वेगळी वेळ दिली आणि ज्यांना सोडायचं होतं त्यांना सकाळी आधी बोलावलं, म्हणजे इतरांचे चेहरे बघत बसावं लागू नये. पहिलं वाक्य थेट: तुला पुढचा करार देत नाही. कारण त्यानंतर. अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी आदल्या रात्री स्वतः फोन केला.

त्या दिवशी मी खोलीत होतो, कारण एकाच्या बाबतीत कारण माझ्या फाइलमध्ये होतं. घोट्याची दोन ऑपरेशनं झालेला चोवीस वर्षांचा लेफ्ट-बॅक. मी अहवालात लिहिलं होतं की मोसमाला ४६ सामन्यांचा भार हा पाय झेलेल असं वाटत नाही. लिहिलं ते खरं होतं. पण तो मुलगा तीन महिने माझ्या टेबलावर झोपून मला विश्वासानं सगळं सांगत होता, आणि त्यातलंच शब्दांत बांधून मी वर दिलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मॅनेजरशी हात मिळवला आणि गेला. मॅनेजरनं दार लावलं आणि पुढचं नाव पुकारायच्या आधी बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, ‘मी त्याच्या जागी असतो तर तुझं नाक फोडलं असतं.’ हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. दहा महिन्यांनी त्या मॅनेजरलाही काढलं, फोनवर, मुलीच्या शाळेच्या गेटापाशी उभा असताना. ज्यांनी काढलं त्यांनी खुर्च्या-बिर्च्यांचा विचार केला नव्हता. आता तो दुसऱ्या एका क्लबात सहायक आहे.

पुतण्यासाठी कामाचं तेवढं सांगतो. कोचिंगची परवानगी यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाची: बी, मग ए, मग प्रो. प्रोशिवाय प्रीमियर लीगमध्ये कायमची मॅनेजरकी मिळत नाही. बी आत्ता, २१ व्या वर्षी सुरू करावं. टोनी पुलिस हाही असाच खालच्या डिव्हिजनचा बचावपटू. त्यानं एकविसाव्या वर्षीच मोठं लायसन्स घेतलं होतं. खेळाडू संघटना फीचा काही भाग उचलते, तो अर्ज वेळेत करावा. दुपारी सराव संपल्यावर गोल्फ खेळायला जाणाऱ्यांच्या गाडीत बसू नये. क्लबच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवावं. चाळीस मुलांना गारठ्यात गप्प उभं करता आलं की ड्रेसिंग रूम सोपी जाते. प्रत्येक सरावानंतर मॅनेजरनं काय केलं आणि का केलं असावं हे वहीत लिहावं. वाईट मॅनेजरचं तर आवर्जून. किटमन (कपडे-बूट सांभाळणारा) आणि मैदान राखणाऱ्याशी मैत्री करावी, मॅनेजरच्या आधी बातमी त्यांना कळते. आणि गुडघ्याबद्दल फिजिओशी खोटं बोलू नये. हे तो ऐकणार नाही, तरी सांगा.

त्याचा करार येत्या मेमध्ये संपतो असं कळवलंय. मग मेपर्यंत वाट बघत बसू देऊ नका. मार्चमध्ये एखाद्या सोमवारी, सामना हरलेला नसेल तेव्हा, त्यानं स्वतः मॅनेजरच्या दारावर टकटक करावी आणि सरळ विचारावं. उत्तर नाही असलं तरी दुसरा क्लब शोधायला दोन महिने हातात राहतात, आणि ते उत्तर मॅनेजर कसं देतो हे वहीत लिहायला मिळतं.